पेढे वाटून झाले, पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातल्या गावागावांतून दोन दिवस आनंदीआनंद असतो. वेशीवर अभिनंदनाचा फलक लागतो, देवळात नारळ फुटतो, युवक मंडळ गुणवंतांचा सत्कार करते. आम्हीही त्या व्यासपीठावर बसतो, ‘खूप शिका, गावाचे नाव काढा’ असे चार शब्द बोलतो आणि चहा घेऊन घरी येतो. तिसऱ्या दिवशी त्याच गुणवंतांपैकी एखाद्याचे वडील गुणपत्रिका घेऊन आमच्या दारात उभे असतात. ‘सर, पोराला मार्क बरे पडलेत. आता त्याला कशाला घालू?’

या प्रश्नाला आम्ही शिक्षकांनी आजवर जे उत्तर दिले, त्याची आम्हालाच लाज वाटावी अशी स्थिती आहे. ‘सायन्सला घाला, नाहीच जमले तर कॉमर्स आहेच,’ एवढे बोलून आम्ही मोकळे होतो. पुढे त्या मुलाचे काय होते हे पाहायला आम्ही जात नाही, आणि ज्या समितीचे आम्ही सदस्य आहोत ती समितीही जात नाही. आज त्याच विषयावर थोडे परखडपणे लिहायचे आहे. ज्यांचे मन दुखावेल त्यांनी आम्हालाही त्यांच्यातच धरावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गातला खानापूर तालुक्यातला एक मुलगा. गणितात असा की फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. दहावीला उत्तम गुण मिळाले, शहरातल्या एका महाविद्यालयात पीयूसी सायन्सला प्रवेश मिळाला. जूनमध्ये गेला आणि गणपतीच्या सुट्टीत परत आला तो आर्ट्सला नाव घालूनच. आम्ही त्याला बोलावून विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, ‘सर, उत्तर येत होतं. प्रश्नच कळत नव्हता.’ इंग्रजी प्रश्नात गाडी ‘स्टार्ट्‌स फ्रॉम रेस्ट’ असे लिहिले होते. गाडी विश्रांती घेऊन निघाली म्हणजे नेमके काय झाले, हे त्याला उमगेना. सुरुवातीचा वेग शून्य आहे एवढाच त्याचा अर्थ. आमच्या वर्गात ‘स्थिर स्थितीतून निघालेली गाडी’ असे म्हटले असते तर त्याने ते गणित तोंडी सोडवले असते. त्याची अक्कल जूनमध्येही तेवढीच होती आणि ऑगस्टमध्येही तेवढीच. मधल्या दोन महिन्यांत त्याचा आत्मविश्वास मात्र गेला.

असा मुलगा गावात परत आला की गाव त्यातून काय धडा घेते? ‘मराठी शाळेत घातला म्हणून पोराचे वाटोळे झाले.’ पुढच्या जूनमध्ये त्या गल्लीतली चार मुले गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसतात. आमचा पट चारने कमी होतो. पट कमी झाला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की गणित-विज्ञानाला माणूस राहत नाही, आणि माणूस नाही म्हणून उरलेली मुलेही जातात. मराठी शाळा बंद पाडायला दरवेळी सरकारी आदेशच लागतो असे नाही. पीयूसीच्या पहिल्या वर्षी खचून परत आलेला एक हुशार मुलगा त्याला पुरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की दहावीनंतरच्या विज्ञान शिक्षणाचा प्रश्न हा सीमाभागातल्या मराठीच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. तो ‘करिअर मार्गदर्शन’ नावाच्या कोपऱ्यात ढकलून चालणार नाही.

दोष मराठीचा आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर १९४३ साली गोव्यातल्या माशेल गावी जन्मले. मुंबईत अत्यंत गरिबीत, मराठी माध्यमातून शिकले आणि पुढे देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. पुण्यात १९८८ साली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मलेले. केंब्रिजहून परतल्यावर २०२५ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी मराठीत विज्ञान लिहिणे सोडले नाही. आपल्या भाषेत विज्ञान शिकता येते याला याहून वेगळा पुरावा नको. आणि मराठी परिभाषा तर पुष्कळदा अर्थ उघडून दाखवते. ‘समद्विभुज’ म्हटले की दोन भुजा समान, हे शब्दच सांगतो. ‘आयसोसेलीस’ हा शब्द मराठी मुलाला काहीच सांगत नाही. तो पाठच करावा लागतो.

परंतु दोन मोठी नावे घेऊन सत्कार समारंभ साजरा होतो, पोराची वाट सोपी होत नाही. वस्तुस्थिती अशी की पीयूसी सायन्स आपल्याकडे व्यवहारात इंग्रजीतून शिकवले जाते आणि त्याची पुस्तके एनसीईआरटीची आहेत. दहा वर्षे मराठीत विचार केलेल्या मुलाला एका उन्हाळ्यात भाषा बदलावी लागते. या नदीवर पूल नाही. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मुलालाही हीच नदी पार करायची असते, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तोही त्याच बाकावर बसून तसाच भांबावतो.

हा पूल बांधणे अवघड नाही, असे आम्ही वर्गातल्या अनुभवावरून सांगतो. अडचण तीन प्रकारची असते. पहिली शब्दांची. प्रवेग म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट, संयुग म्हणजे कंपाऊंड, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. आमच्या अंदाजाने असे पाच-सहाशे शब्द आहेत, आणि आठवीपासून रोज दोन लिहिले तरी दहावीच्या आत ते पुरे होतात. दुसरी अडचण प्रश्नाच्या भाषेची. ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘निग्लिजिबल’, ‘युनिफॉर्म’, ‘ॲट रेस्ट’ हे शब्द विज्ञानाचे नव्हेत, पण अडतात ते यांच्यापाशीच. तिसरी अडचण वेगाची. वाचून मनात मराठी करायला जो वेळ जातो, तेवढ्या वेळात शेजारचा दोन प्रश्न पुढे गेलेला असतो.

उपायही तितकेच साधे आहेत. आठवीपासून फळ्यावर प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहावी. शिकवणे मात्र मराठीतच असावे, कारण समज तेथेच पक्की होते. नववीत आठवड्याला दोन उदाहरणे इंग्रजीत द्यावीत. दहावीची परीक्षा संपते आणि पीयूसीचे वर्ग भरतात, त्या मधल्या दोन महिन्यांत गावच्या शाळेत रोज दोन तासांचा वर्ग चालवावा. एनसीईआरटीची नववी-दहावीची विज्ञान व गणिताची इंग्रजी पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाला ती धडे येतच असतात, फक्त इंग्रजीत वाचायची असतात. शिकवायला बाहेरून कोणी आणायला नको. प्रत्येक गावात बीएस्सी झालेली एखादी मुलगी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एखादा मुलगा सुट्टीत घरी असतोच. जो या नदीतून नुकताच पोहून आला, त्याला खड्डे कुठे आहेत ते ठाऊक असते.

आता वाटांविषयी. पालकांच्या लेखी दोनच वाटा असतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. प्रत्यक्षात त्या पुष्कळ आहेत, आणि चुकीच्या वळणावर एक विषय सोडला की त्यातल्या काही कायमच्या बंद होतात. पीयूसीत दोन भाषा आणि चार मुख्य विषय. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चार घेतले तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी दोन्ही दारे उघडी राहतात. जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र घेतले तर वैद्यकीयची वाट अडते, शिवाय कृषीचीही. सोळाव्या वर्षी ज्याचे मन ठरलेले नाही त्याने हे लक्षात ठेवावे. आणि दोन भाषांत इंग्रजीबरोबर मराठी घेता येते, हे आमच्याच मुलांना कोणी सांगत नाही. जेथे ती सोय आहे तेथे आग्रहाने मराठी घ्यावी. मागणारेच नसतील तर उद्या ती सोयही उरणार नाही.

कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रम लावताना निम्मे वजन सीईटीला आणि निम्मे दुसऱ्या पीयूसीतल्या विषयांच्या गुणांना असते. तेव्हा शिकवणीच्या नादात महाविद्यालयाकडे पाठ फिरवणे हा शुद्ध तोटा आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीट आणि जेईईत गुण कापतात, तेथे अंदाजपंचे खुणा करू नयेत. पहिली ते दहावी ही दहा वर्षे ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के जागा आहेत, आणि त्याला माध्यमाची अट नाही. आमच्या खेड्यातल्या किती पालकांना हे माहीत आहे? त्यासाठी शाळेचा अभ्यास दाखला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीसह लागतो. उत्पन्नाच्या व इतर अटीही आहेत. त्या दरवर्षीच्या माहितीपुस्तकात आधी वाचाव्यात. जूनमध्ये धावपळ करून हे दाखले मिळत नाहीत. ते दहावीच्या सुट्टीतच गोळा करून ठेवावेत.

अकरावी-बारावीला कोल्हापूरला जावे की बेळगावात राहावे, हा निपाणी-खानापूरकडच्या घरांतला नेहमीचा प्रश्न. भावनेने किंवा नातेवाइकांच्या सोयीने तो सोडवू नये. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधल्या, म्हणजे एनआयटींमधल्या, निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, आणि ‘राज्य’ ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाला त्यावरून. बेळगावात बारावी केली तर सुरतकलच्या त्या जागांवर हक्क, कोल्हापुरात केली तर नागपूरच्या. कर्नाटक सीईटीची अट वेगळी आहे. पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंत किमान सात पूर्ण वर्षे कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक येथून उत्तीर्ण. म्हणजे दहावीपर्यंत येथे शिकून कोल्हापूरला गेलेल्याचे हे दार आपोआप बंद होत नाही. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थांतून शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पात्रता प्रकार आहे. त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते आणि ठरावीक नमुन्यातले दाखले जोडावे लागतात. इतकी वर्षे आपण सीमाप्रश्न लढवतो आहोत. त्यातून मिळालेली ही सवलत किती मुलांपर्यंत पोहोचली, याचा हिशेब समितीने एकदा मांडावा.

भाषेची गंमत पुढेच आहे. जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते, नीटही तेरा भाषांत होते, आणि दोन्हींत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगाव केंद्र निवडणाऱ्या मुलाला अर्जात मराठीचा पर्यायच मिळत नाही. ज्याला मराठी प्रश्नपत्रिका हवी त्याने कोल्हापूरसारखे केंद्र निवडावे, हा आजचा उपाय. अर्थात बारावीपर्यंत दोन वर्षे इंग्रजीत शिकल्यावर कोणती प्रश्नपत्रिका सोयीची, हे मुलाने सराव परीक्षा देऊन ठरवावे. शिवाय जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीतच असते, हेही ध्यानात ठेवावे. आणि राज्याची सीईटी? ती कन्नड आणि इंग्रजीत. आमचा साधा प्रश्न आहे. जी परीक्षा केंद्र सरकार मराठीत घेऊ शकते, ती राज्य सरकार आपल्याच मराठी शाळांतून दहावी झालेल्या मुलांसाठी मराठीत का घेऊ शकत नाही? मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके हेच राज्य छापते. मग परीक्षेच्या दारात ही भाषा एकाएकी परकी कशी होते? कन्नड माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्यांना सीईटीत ५ टक्के जागा आहेत. त्या त्यांना असाव्यात, आमचे त्यांच्याशी भांडण नाही. तेवढाच भाषेचा अडथळा पार करणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक मुलाचाही विचार व्हावा, एवढेच म्हणणे आहे.

ज्या मुलाला ‘का’ विचारायची खोड आहे, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे आणि ती आपल्या अगदी जवळून जाते. पुण्यासह देशात सात आयसर संस्था आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम, आणि प्रवेशासाठी स्वतंत्र अभिक्षमता परीक्षा. बेंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासूनची. तेथे २०११ पासून बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. धारवाड आणि गोवा या दोन्ही बाजूंना २०१६ पासून आयआयटी आहेत. ज्याला यांतले काही बारावीला साधले नाही त्यानेही हात टेकू नयेत. बेळगावातच बीएस्सी करून ‘जॅम’ ही परीक्षा देता येते आणि एमएस्सीसाठी आयआयटीत जाता येते. आणि एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पीएचडीला पैसा कोण घालणार?’ असे पालक विचारतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार रुपये सरकारच मुलाला देते. संशोधन हा श्रीमंतांचा छंद आहे, ही समजूत आता तरी गावातून जावी.

आणि प्रत्येकाने सायन्सच घ्यावे असेही नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्री आणि यंत्रभागांचे कारखाने, हत्तरगीकडे विमानाचे सुटे भाग बनवणारा उद्योग, या सगळ्यांना मोजमाप कळणारे हात लागतात. शेतकऱ्याच्या मुलांसाठी कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत राखीव जागा आहेत आणि त्यासाठी शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. ज्याने बापाबरोबर भाताची लावण केली, त्याला ही परीक्षा परकी वाटू नये. तरी आमची मुले त्या अर्जाकडे फिरकतही नाहीत.

पैशाची सोय आठवीपासून सुरू होते. सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. मूलभूत विज्ञान घेणाऱ्या, बारावीला आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ योजना आहे. पूर्वी आम्ही ज्या एनटीएस परीक्षेची तयारी करून घेत असू ती २०२१ नंतर थांबली आहे. केव्हीपीवायही बंद झाली. जुन्या माहितीवर मुलांना फिरवणाऱ्या आम्हा शिक्षकांनीही आता नवे वाचायला हवे.

मुलींविषयी एक वेगळा शब्द. निकालात पुढे मुली असतात आणि पीयूसी सायन्सच्या वर्गात गावाकडच्या मुली कमी दिसतात. कारण बुद्धीचे नाही, बसचे आहे. साडेपाचनंतर गावाकडे गाडी नाही, प्रात्यक्षिक पाचला संपते, आणि ‘पोरीला कशाला इतक्या लांब?’ हा प्रश्न घरात तयार असतो. एका बसची वेळ बदलून घेण्यासाठी आगारात दहा माणसांनी जायला काय हरकत आहे? मोर्चाला शंभर जातात.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सगळे करत बसलो तर लढ्याचे काय?’ १७ जानेवारीला आम्हीही हुतात्म्यांना वंदन करतो, १ नोव्हेंबरला काळी फीत लावतो. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात ज्यांनी प्राण दिले ते आमच्याच आसपासच्या गावांतले होते. त्यांनी प्राण दिले ते मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून. मग त्या भाषेत शिकलेल्या मुलाला पुढची पायरी चढता येत नसेल तर तो लढा अर्धाच राहिला म्हणायचा. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. तो चालेल तेव्हा चालेल. दहावीतल्या मुलाचे वर्ष मात्र कोणत्याही तारखेची वाट पाहत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आपण पेढे वाटले. तेही योग्यच झाले. त्या दर्जाने मुलाला भौतिकशास्त्राचा प्रश्न वाचता येत नाही, तो कोणीतरी शेजारी बसून वाचायला शिकवावा लागतो.

म्हणून समितीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, येत्या उन्हाळ्यात निदान दहा गावांत हा दोन महिन्यांचा वर्ग सुरू करावा. जागा शाळेची, दिवा गावाचा, शिकवणारी आपलीच पोरे. दोन, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निकालाच्या आठवड्यात एक टेबल मांडावे, आणि दाखले, अर्ज, तारखा यांची माहिती मराठीत कागदावर लिहून द्यावी. तीन, सीईटी मराठीत घ्यावी आणि केंद्राच्या परीक्षांना बेळगाव केंद्रावर मराठी पर्याय मिळावा, यासाठी निवेदन द्यावे. ते एकदा देऊन विसरू नये, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. पहिल्या वर्गासाठी आमचे नाव आम्ही आजच देऊन ठेवतो.

आर्ट्सला गेलेला तो खानापूरचा मुलगा आज एका दुकानात हिशेब लिहितो. प्रामाणिक कष्टाचे काम आहे, त्यात कमीपणा काही नाही. परवा भेटला तेव्हा धाकट्या बहिणीविषयी विचारत होता. ती आठवीत आहे, तिलाही गणित आवडते. ‘सर, तिला मराठीतच ठेवू ना?’ असे त्याने विचारले. आम्ही ‘ठेव’ म्हणालो. म्हणताना या वेळी आमच्यावर एक जबाबदारी आली, ती आम्ही जाणतो. तिच्या दहावीला अजून दोन वर्षे आहेत. तेवढ्यात पूल झाला पाहिजे.